पागोळ्या थांबायच्या आत

आमच्या इमारतीच्या मागे स्कूटरी लावायला पत्र्याची शेड आहे. पाऊस थांबला की त्या पत्र्यावरून पागोळ्या गळत राहतात. आधी धार लागलेली असते, मग थेंबामागे थेंब, मग मोजता येतील इतके सावकाश. माझं घड्याळ तेच. पागोळ्या गळतायत तोवर फुलांवरचे थेंब जागेवर असतात, वारा बहुतेक पडलेला असतो आणि ढग पातळ होऊन उजेड नुकता वाढायला लागलेला असतो. आमच्या मुंबईच्या पार्ल्यात ही वेळ साधारण 15 ते 20 मिनिटं मिळते. पावसाळ्यात फुलांचे जवळून फोटो काढायचं खरं काम तेवढ्यात उरकायचं असतं. बाकी सगळी त्याची तयारी, आणि ती तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते.

मी 31 वर्षं एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम केलं. दिवसभर डोळा मायक्रोस्कोपला आणि दोन बोटं फाइन फोकसच्या चकतीवर. निवृत्त झाल्यावर वापरलेला कॅमेरा आणि 100 मिमीची मॅक्रो लेन्स घेतली, तेव्हा हे काम हाताला ओळखीचं वाटलं. इतक्या जवळून बघताना सगळं एकदम स्पष्ट कधीच दिसत नाही. एक पातळ थर दिसतो, त्याच्या पुढचं-मागचं धूसर. कुठला थर दाखवायचा हे ठरवणं म्हणजेच फोटो. ते ठरवायला वेळ लागतो, म्हणून माझं पहिलं सांगणं असं की बागभर फिरू नका. एका सरीला एक फूल घ्या आणि त्याच्यापाशी बसा.

जास्वंदीपासून सुरुवात करा. मुंबईत ती सोसायटीच्या कुंपणाला असते, शाळेच्या आवारात असते, स्टेशनाबाहेरच्या पट्टीतसुद्धा असते. फूल मोठं, देठ जाड, आणि पावसात बऱ्यापैकी टिकतं. अडचण एकच, साधं लाल जास्वंद एका दिवसाचं असतं. सकाळी उमललेलं संध्याकाळी मिटतं. त्यात आमच्याकडे साडेसहाच्या आत फुलं देवाला जातात, गणपतीच्या दिवसांत तर त्याच्याही आधी. म्हणून संध्याकाळी खाली उतरून उद्याची कळी हेरून ठेवायची. उद्या उमलणारी कळी ओळखता येते: हिरव्या पेल्यातून लाल टोक बोटाच्या पेराइतकं बाहेर आलेलं असतं आणि पाकळ्यांचा पीळ दिसत असतो. मी तिच्या देठाला पांढरा दोरा बांधते. तळमजल्यावरचे काका रोज पूजेला फुलं तोडतात. पहिल्या वर्षी मी त्यांना विनंती केली, "काका, दोरा बांधलेलं तेवढं माझं." त्यानंतर आजवर दोऱ्याचं फूल कुणी तोडलेलं नाही. आता आधी ते मला विचारतात, "आज कुठलं राखून ठेवायचं?"

कळी निवडताना जागाही बघा. पावसाळ्यात मुंबईत वारा बहुतेक नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राच्या अंगाने येतो. इमारतीच्या पूर्वेला किंवा ईशान्येला, भिंतीच्या आडोशाला असलेली फांदी सगळ्यात कमी हलते. दिसायला सुंदर पण वाऱ्याच्या तोंडावर असलेलं फूल सोडून द्या. जवळून फोटो काढताना देठ दोन मिलिमीटर हलला तरी फूल फोकसच्या बाहेर जातं. मागे काय आहे तेही संध्याकाळीच पाहून ठेवा. फुलामागे पांढरी गाडी किंवा निळी प्लास्टिकची टाकी आली की ती धूसर होऊनही डोळ्याला टोचते. मागे दोन-तीन फुटांवर गर्द झाडी असेल तर उत्तम. वाळकं पान, कोळिष्टक, पुडीचा कागद हातानेच काढून टाका, पण फांद्या तोडू नका.

बाकीच्या फुलांचं थोडक्यात सांगते. पहिल्या एक-दोन सरींनंतर पावसाळी लिली एकदम वर येते. ती गुडघाभरही नसते, तेव्हा तिच्यासाठी जमिनीलगत बसायची तयारी हवी. अनंत आणि सोनटक्का पांढरे, वासाचे, पण जोराच्या सरीने सोनटक्क्याच्या पाकळ्यांचा लोळागोळा होतो. तो रिमझिमीत घ्यावा. तगर कायम हाताशी असते, तिच्या पाच पाकळ्यांचा पीळ अगदी वरून घेतला तर फार छान येतो. गोकर्णाचा निळा कॅमेऱ्यात बऱ्याचदा जांभळट उतरतो, तो नंतर दुरुस्त करावा लागतो. प्राजक्त पावसाळा कलायला लागला की भरात येतो आणि पहाटे खाली सांडतो. त्याचे फोटो झाडावर काढण्यापेक्षा ओल्या फरशीवर काढा, केशरी देठ वर आलेलं एखादं पालथं फूल शोधून.

राणीच्या बागेत गेलात (बुधवारी बंद असते) तर कैलासपती शोधा. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट बुंध्यातून निघालेल्या जाड दांड्यांवर येतात, म्हणून वाऱ्याने फारशी हलत नाहीत. पावसाळी दिवसाला यापेक्षा सोयीचं फूल मला माहीत नाही. नागाच्या फडीसारखा तो गुलाबी पुंकेसरांचा झुबका आतून कसा दिसतो ते एकदा जवळून बघाच. मात्र वर तोफगोळ्यासारखी जड फळं लटकत असतात, त्यांच्या बरोबर खाली उभं राहू नका. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट-सप्टेंबरला तेरडा फुललेला असतो. कारवी मात्र 8 वर्षांनी फुलते. तिथे 2016 साली फुलली, मग 2024 साली. पुढची 2032 साली येईल.

आता सामान. मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच नाही. 90 किंवा 100 मिमीची असेल तर पूर्ण आकाराला, म्हणजे वस्तू सेन्सरवर जितकी आहे तितकीच उमटते तेव्हा, फूल सेन्सरपासून साधारण 30 सेंटिमीटरवर असतं. लेन्सची लांबी वजा जाता हातभरही जागा उरत नाही, पण छत्री सांभाळायला पुरते. नवी घ्यायचा खर्च नको असेल तर एक्सटेन्शन ट्यूब घ्या. ही नुसती पोकळ कडी असते, आत काच नसते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावली की लेन्स जास्त जवळून फोकस करते. हिशेब सोपा आहे: कडीच्या लांबीला लेन्सच्या मिमीने भागा. 50 मिमीच्या लेन्सला 25 मिमीची कडी लावली तर वस्तू साधारण निम्म्या आकाराची उमटते, आणि जास्वंदीच्या पुंकेसरांना तेवढं भरपूर झालं. फोर्टात बोरा बाजारात मिळतात. घेताना आत धातूचे संपर्क असलेल्याच घ्या, नाहीतर आधुनिक लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

फोनवरही होतं. तिसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी माझ्याबरोबर खाली येते. तिचा फोन साधा आहे. "काकू, माझ्याला मॅक्रो नाहीये," म्हणून ती आधी हिरमुसली होती. तिला मी तीन गोष्टी सांगितल्या. फोनची लेन्स दर दोन फोटोंनी पुसायची, कारण खिशातला घाम आणि हवेतला दमटपणा मिळून तिच्यावर साय धरतो. फुलावर बोट दाबून ठेवून फोकस लॉक करायचा आणि मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. आणि पाकळीला टेकेपर्यंत जवळ जायचं नाही. वीतभर अंतरावरून काढून नंतर कापलेला फोटो, दोन बोटांवरून काढलेल्या धूसर फोटोपेक्षा चांगला. मॅक्रो असलेल्या फोनवरही दोन-तीन सेंटिमीटरवर गेलं की फोनचीच सावली फुलावर पडते आणि आपल्या श्वासाने लेन्स धुरकटते. ऑगस्टमध्ये तिने गुलबक्षीच्या केसरांवर अडकलेला एक थेंब काढलाय, तो माझ्या कितीतरी फोटोंपेक्षा सरस आहे.

बाकी लागतं ते घरातलंच. बसायला बाथरूममधला प्लास्टिकचा बुटका स्टूल. पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा, मी साडीच्या खोक्याचं झाकण वापरते. फुलाच्या खाली धरलं की सावलीत गेलेला भाग उजळतो. कपड्यांचा चिमटा एका काटकीला सुतळीने बांधून ठेवा, काटकी मातीत रोवून हलणारा देठ चिमट्यात हलकेच अडकवता येतो. चिमट्याच्या तोंडाला कापूस गुंडाळा म्हणजे देठ चेमटत नाही. जुन्या मलमलीचे दोन तुकडे, एक लेन्सला आणि एक हाताला. त्यांची अदलाबदल करू नका. कॅमेऱ्याला एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी: तळाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक, तिथे रबरबँड, आणि पिशवीचं उघडं तोंड आपल्याकडे. लेन्सहूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची टोपी, लावलेलाच ठेवा, पुढच्या काचेवर थेंब पडला की तो फोटोच्या मधोमध राखाडी डाग होऊन बसतो. ट्रायपॉड मी नेत नाही. मऊ मातीत तो रुततो, आणि त्याचे पाय लावेपर्यंत पागोळ्या थांबतात.

छत्री मात्र विचार करून घ्या. लाल छत्रीखाली पांढरी तगर गुलाबी दिसते, हिरव्या छत्रीखाली आजारी दिसते. पारदर्शक प्लास्टिकची छत्री सगळ्यात चांगली, उजेड खाऊन टाकत नाही. काळी छत्रीही कामाची आहे, पण डोक्यावर नको. पाऊस थांबला की ती उघडी फुलाच्या मागे दोन हातांवर ठेवा. पांढऱ्या अनंताला इतकी शांत काळी पार्श्वभूमी दुसऱ्या कशाने मिळत नाही. पाऊस चालू असताना छत्री मानेत धरलीत तर तिच्या काडीच्या टोकाचं पाणी नेमकं फुलावर पडतं. सवय होईपर्यंत कुणाला तरी बरोबर घ्या.

दमट हवेचं एक पथ्य आधीच पाळावं लागतं. घरात एसी असेल आणि थंड खोलीतला कॅमेरा थेट खाली नेला तर लेन्सच्या काचेवर बाहेरचं बाष्प धरतं. ते पुसलं की परत धरतं. कॅमेरा बंद पिशवीत घालून अर्धा तास आधी गॅलरीत ठेवा. पाऊस भरून आला की माझं पहिलं काम हे, चहा नंतर.

आता त्या वीस मिनिटांत काय करायचं ते. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला एक अखंड पांढरा पडदा. उजेड सगळीकडून येतो, सावल्या मऊ पडतात, म्हणूनच कडक उन्हात उडून जाणारे रंग पावसाळी दिवसात गडद उतरतात. पण हा उजेड कमी असतो. मी अॅपर्चर एफ/8 ला ठेवते (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर सेकंदाच्या 1/200 पेक्षा सावकाश होऊ देत नाही आणि आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा, 800 ते 1600 मध्ये फिरवते. आंब्याखाली उजेड फारच कमी असतो, तिथे 3200 लाही जाते. फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत. हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे झाडांच्या हिरव्या छटेने बिघडलेला पांढरा नंतर ताळ्यावर आणता येतो.

लाल आणि पांढरा हे दोन रंग त्रास देतात. जास्वंदीचा लाल कॅमेऱ्यात फुटतो. एकूण फोटो बरोबर उजेडाचा दिसतो, पण पाकळीवरच्या शिरा नाहीशा होऊन नुसता लाल गोळा उरतो. उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे 2/3 किंवा उणे 1 करा आणि कॅमेऱ्यात तीन रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, असेल तर त्यातला लाल उजव्या कडेला आपटत नाही ना ते पाहा. पांढऱ्याचं उलटसुलट आहे. सोनटक्का चौकट भरून घेतला तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा अधिक 2/3 करा. तेच फूल गर्द पानांत छोटंसं असेल तर कॅमेरा पानांसाठी उजेड वाढवतो आणि फूल जळतं, तेव्हा उणे 2/3.

फोकसवर मात्र थांबून बोलायला हवं. पूर्ण आकाराच्या फोटोत एफ/8 ला स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरभरही जाड नसतो. एफ/16, एफ/22 ला तो थोडा वाढतो, पण छिद्र फार बारीक झालं की सगळाच फोटो मऊ पडतो, म्हणून मी एफ/11 च्या पुढे जात नाही. ऑटोफोकस इथे पुढे-मागे धावत बसतो, तो बंद करा. लेन्सवरचं कडं फिरवून हवं तेवढं जवळ या आणि मग कड्याला हात लावू नका. कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि कमरेतून अगदी हळू पुढे झुका. हवा तो थर स्पष्ट होताना दिसला की तीन-चार फोटो सलग काढा. त्यातला एक बरोबर येतो. लॅबमध्ये आम्ही चकती फिरवून थर शोधायचो, इथे आपलं शरीरच चकती.

जास्वंदीचं उदाहरण घेऊ. फुलाच्या मधून दांडीसारखी नळी बाहेर येते. तिच्या अंगावर पिवळ्या परागांचे ठिपके असतात आणि टोकाला पाच कुक्षी (पराग धरणारी टोकं), मखमलीच्या बारीक बटणांसारख्या लाल. समोरून फोटो काढलात तर कुक्षी स्पष्ट येतील आणि पाच-सहा सेंटिमीटर मागच्या पाकळ्या लाल धुकं होतील. बाजूने काढलात, म्हणजे नळी कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर ठेवलीत, तर बुडापासून टोकापर्यंत नळी एकाच थरात बसते. हा समांतरपणा साधला की निम्मं काम झालं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी जास्वंदीचे पराग स्लाइडवर घेऊन पाहिले होते. अंगभर काटे असलेले गोल गोळे. लेन्समधून काटे दिसत नाहीत, पण पावसानंतर नळीला चिकटून राहिलेले ते पिवळे कण बघताना ते काटे मला आठवतात आणि इतक्या पावसातही ते धुऊन का गेले नाहीत याचं नवल वाटत नाही.

मग थेंब. काही जण स्प्रेच्या बाटलीत पाण्याबरोबर ग्लिसरीन मिसळून फुलावर मारतात, थेंब टिकावेत म्हणून. ते मला पटत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर त्याचं कारणही नाही. स्प्रेचे थेंब सगळीकडे सारखे, शिंपडल्यासारखे बसतात. पावसाचं पाणी उतार बघून बसतं: पाकळीच्या मुरडीत मोठा थेंब, शिरेच्या बाजूने लहान थेंबांची ओळ, कळीच्या लवेवर कणाकणाने. ते फोटोत कळतं.

सगळ्यात सुंदर थेंब लटकणारा. जास्वंदीचं फूल बाहेरच्या बाजूला कललेलं असल्याने नळीच्या टोकाला, खालच्या कुक्षीवर, थेंब येऊन थांबतो. तो भिंगासारखा असतो, मागे जे काही असेल ते त्याच्यात उलटं दिसतं. गेल्या जुलैत मला त्याच्यात आमची अख्खी इमारत दिसली, गच्चीवरच्या टाक्या खाली आणि वाळत घातलेले कपडे वर. थेंबात फूल हवं असेल तर गवताच्या पात्यावर लटकलेला थेंब शोधा आणि त्याच्या मागे पाच-सहा सेंटिमीटरवर जास्वंद येईल असे बसा. फांदी हलकेच वाकवून चिमट्यात धरली तरी चालतं, थेंब पडणार नाही एवढं बघा. इथे एक खुबी आहे. थेंबातलं चित्र थेंबाच्या पृष्ठभागावर नसतं, आपल्या बाजूला किंचित पुढे असतं. आधी थेंबाची कड स्पष्ट करा आणि मग कॅमेरा केसभर मागे घ्या. आतलं फूल एकदम लख्ख होतं. काही जण नंतर फोटो फिरवून आतलं फूल सुलटं करतात. मी करत नाही, कारण मग थेंब वरच्या दिशेने लटकतो आणि डोळ्याला ते खोटं वाटतं.

फुलांच्या शेजारी अळू असेल तर एक-दोन मिनिटं त्याला द्या. अळवावरचं पाणी आपण बोलण्यात कायम वापरतो, पण ते जवळून फार कमी जणांनी पाहिलेलं असतं. पानाला पाणी भिजवतच नाही. पानावरच्या मेणासारख्या बारीक खडबडीत थरामुळे थेंबाखाली हवेची पातळ चादर राहते, आणि उजेड तिच्यावरून परत फिरतो म्हणून थेंब पाऱ्यासारखा चंदेरी दिसतो. पानाला जरा धक्का लागला की तो गोळीसारखा घरंगळतो आणि वाटेतल्या लहान थेंबांना पोटात घेतो. त्याच्यासाठी शटर 1/500 ला न्या. पहाटे पाऊस नसतानाही अळवाच्या पानाच्या टोकाला थेंब असतो, तो दवाचा नसतो, पानच आतलं जादा पाणी तिथून बाहेर टाकतं.

ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चकाकी येते, तिला पोलरायझर (लेन्सवर बसवून फिरवायची, चकाकी कापणारी काच) लावून कमी करता येतं. मी तो पूर्ण फिरवत नाही. सगळी चकाकी गेली की पान ओलं होतं हेच फोटोत उरत नाही. शिवाय त्याने उजेड दीड-दोन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी होतो, म्हणून गडद ढग असतील तर तो पिशवीतच राहू दे.

पायांची काळजी घ्या. साचलेल्या पाण्यात अनवाणी किंवा चपलेवर उभं राहू नका, पायाला कापलेलं असेल तर मुळीच नाही. लेप्टोचे (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) नमुने दर जुलै-ऑगस्टला कसे वाढतात ते मी इतकी वर्षं पाहिलंय. गमबूट घाला. उघड्या अंगाला डासांचं मलम लावा, पण हात धुतल्याशिवाय लेन्सला लावू नका.

घरी आल्यावरचं काम काढण्याइतकंच महत्त्वाचं. माझी पहिली लेन्स मी पहिल्या पावसाळ्यात तिच्या चामडी डब्यात घालून लोखंडी कपाटात ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये काढून टॉर्चचा उजेड तिच्यातून पाडला आणि हातपाय गार पडले. आतल्या काचेवर कडेपासून मधे सरकत आलेले पांढरे, फांद्या फुटलेले धागे होते. नखाच्या खरवडीवर केओएच हे रसायन टाकून स्लाइड पाहताना जे धागे मी हजार वेळा पाहिले होते, तेच. बुरशी. ती साफ करून घेतली, पण काचेवरचा थर तिने खाल्ला होता आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले त्या लेन्सचे फोटो अजून फिके येतात.

पावसाळ्यात मुंबईची हवा 80-90 टक्के दमट असते आणि बुरशीला बंद, अंधारी, दमट जागा फार आवडते. त्यामुळे आधी कॅमेरा बाहेरून पुसा, लेन्स खाली तोंड करून पंख्याखाली तासभर ठेवा. मग रबराची कड असलेला हवाबंद डबा, तळाला सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये हवा. लॅबमध्ये सिलिका जेल निळं होतं, पाणी शोषलं की गुलाबी व्हायचं. त्या निळ्यात कोबाल्ट असतं, म्हणून घरी मी केशरी घेते, ते ओलं झालं की हिरवं होतं. हिरवं झालं की स्वयंपाकात न वापरायच्या एका जुन्या कढईत मंद आचेवर परतायचं, केशरी झालं की गार करून परत डब्यात. पावसाळ्यात हे दर दहा-बारा दिवसांनी करावं लागतं. चामडी डबे, कापडी पिशव्या दिवाळीपर्यंत लेन्सपासून लांब ठेवा.

फोटो त्याच दिवशी बघून घ्या आणि प्रत्येकाला तारीख, झाड आणि जागा लिहा: "अनंत, मागची भिंत, टाकीजवळ." आमची इमारत आता रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, सह्या झाल्या. मागची बाग पार्किंगखाली जाईल. म्हणून गेल्या दोन पावसाळ्यांत मी प्रत्येक झाडाचं निदान एक फूल तरी नावानिशी घेऊन ठेवलंय. अनंताच्या फांद्याही कुंडीत लावल्यात. पावसाळ्यात त्या चटकन धरतात.

आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कॅमेरा डब्यात गेला असला तरी, तो काढून परत एकदा दोऱ्याच्या फुलापाशी जा. जास्वंद तोवर मिटायला लागलेलं असतं. पाकळ्या सकाळच्याच पिळाने उलट गुंडाळल्या जातात, लाल जरा जांभळ्याकडे झुकतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्या गुंडाळीच्या आत एखादा थेंब अडकून राहिलेला असतो. उजेड फार कमी असेल. आयएसओ 3200, एफ/5.6, आणि फोकस त्या थेंबावर. फोटो झाला की देठाचा दोरा सोडवून शेजारच्या कळीला बांधा.